स्टेपनीत हवा आहे का?

पन्नाशीला टेकल्यावर गाडी शिकणाऱ्या बाईला सल्ला द्यायला सगळ्यांना आवडतं. मी जुनी हॅचबॅक घेतली तेव्हा भेटेल तो दोनच गोष्टी विचारायचा: केवढ्याला पडली आणि अ‍ॅव्हरेज किती देते? तिसरा प्रश्न कुणाला सुचला नाही. मग एके दिवशी मी जाहीर केलं, की आता कऱ्हाडहून चिपळूणला माहेरी एसटीने नाही, स्वतः गाडी चालवत कुंभार्ली घाटातून जाणार. त्या दिवसापासून घरातला प्रत्येक जण माझ्या डिकीत काही ना काही भरायच्या मागे लागला.

भाची टोरांटोला असते. तिने रात्री यादी पाठवली: फावडं, काचेवरचा बर्फ खरवडायचं पातं, रेतीची पिशवी, जाड ब्लँकेट, मेणबत्ती आणि काडेपेटी. तिच्याकडे बर्फात गाडी अडकली की चाकाखाली रेती टाकावी लागते, आणि मदत यायला वेळ लागला तर माणूस गारठून जातो, त्यामुळे तिचं तिच्या जागी बरोबरच होतं. मला मात्र वैशाखात कऱ्हाडच्या कोल्हापूर नाक्यावर फावडं आणि मेणबत्ती घेऊन उभी असलेली मी दिसायला लागले. पुण्याच्या दिरांनी जंप केबल, ओढायचा पट्टा, हवा भरायचा पंप, पान्यांचा सेट, अग्निशामक आणि काच फोडायचा हातोडा एवढं सांगितलं. सासूबाईंनी कापूर, आलेपाक आणि लिंबू-मिरची पुढे केली. नवऱ्याने काही न बोलता चिवड्याचा डबा ठेवला. या याद्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की कोण कशाला भितं ते बरोब्बर कळतं.

भीती मलाही होतीच, पण कशाची ते ठरत नव्हतं. म्हणून मी सगळ्याच याद्या घेऊन गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या पोराने विचारलं, ‘मॅडम, केबल किती अँपिअरची देऊ? त्रिकोण घडीचा की साधा? पंप डिजिटल? पाना कितीचा?’ मी म्हटलं, ‘चांगला असेल तो दे.’ त्याने सगळंच चांगलं दिलं. घरी येऊन डिकी भरली, तर पिशवी ठेवायलाही जागा उरली नाही. आपण आता घाटच काय, लडाखला जायला तयार आहोत असं वाटून मला बरं वाटलं.

आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक काका राहतात. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले. माझी खरेदी त्यांनी गॅलरीतून पाहिली असावी. संध्याकाळी खाली आले, डिकीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, ‘बाई, सामान झ्याक हाय. स्टेपनीत हवा किती?’

स्टेपनी कुठे आहे हेच मला सांगता येईना. काकांनी सगळं सामान खाली उतरवायला लावलं, तळाचा गालिचा उचलला, पुठ्ठ्यासारखी फळी काढली. तिच्याखाली चाक झोपलेलं. आधीच्या मालकाने ते कधी उचलून पाहिलं असेल असं वाटलं नाही. मापकावर हवा भरली अकरा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेली होती तेहेतीस. तो कागद तिथे आहे हेही मला त्या दिवशी समजलं. मग काकांनी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला लावले: ३२१३. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हे टायर २०१३ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेलं. नक्षी कोरी करकरीत, पण बोटाने दाबलं की बारीक भेगा उघडत होत्या. ‘न वापरताही रबर म्हातारं होतंच,’ काका म्हणाले. ज्याच्या भरवशावर बाकीचं सगळं सामान घेतलं होतं, तेच एक बाद निघालं. स्टेपनीला नवीन टायर घातलं आणि हवा तेहेतीसच्या थोडी वरच भरून घेतली, कारण पडून राहिलेल्या चाकातली हवा हळूहळू उतरते.

मला वाटलं, संपलं. काकांना वाटलं, आता सुरुवात.

रविवारी सकाळी त्यांनी मला पार्किंगमध्ये बोलावलं आणि मागचं डावं चाक बदलायला सांगितलं. ‘पंक्चर नाहीये काका,’ मी म्हणाले. ‘म्हणूनच आज शिका,’ ते म्हणाले आणि प्लास्टिकची खुर्ची ओढून बसले. सोसायटीत रविवारी सकाळी करमणुकीची वानवा असते. दहा मिनिटांत दूधवाला, दोन आजोबा, बॅडमिंटनवाली पोरं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी एवढा प्रेक्षकवर्ग जमला.

पहिल्यांदा हँडब्रेक, मग गाडी पहिल्या गियरमध्ये, मग तिरकस समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड. त्यानंतर मी उत्साहाने जॅक उचलला, तर काकांनी हात आडवा केला. आधी नट सैल करायचे. गाडी वर उचलल्यावर जोर लावला की ती जॅकवरून सरकू शकते. गाडीसोबत आलेला पाना छोटासा, वाकड्या दांड्याचा. टायरच्या दुकानात नट हवेच्या बंदुकीने कसतात. तो कसलेला नट या दांड्याला दाद देईना. मी दोन्ही हातांनी दाबलं, मग पाय ठेवला, मग भिंतीला धरून पान्यावर चक्क उभी राहिले. प्रेक्षकांतून सूचना येत होत्या, त्यातल्या निम्म्या उलट्या दिशेच्या. नट कर्रकन सुटला तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी मला दुसऱ्या दिवशी प्लस पाना घ्यायला लावला, चार तोंडांचा. दोन्ही हातांनी फिरवता येतो आणि जोर कमी लागतो. माझ्या गाडीचे नट एकोणीस नंबरचे. काही गाड्यांचे सतरा असतात, काहींचे एकवीस. दुकानातला पोरगा ‘पाना कितीचा’ असं का विचारत होता, याचा उलगडा आता झाला. तो पान्यांचा भारी सेट त्या दिवसापासून घरात आहे. नळाची गळती थांबवायला उपयोगी पडतो.

जॅक कुठे लावायचा याला मी सगळ्यात जास्त घाबरले. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला दोन खाचा असतात, त्यांच्या मधोमध. इकडेतिकडे लावला तर पत्रा चेपतो किंवा प्लास्टिक फुटतं. काकांनी जॅकखाली लाकडी फळीचा जाड तुकडा ठेवायला दिला. ‘इथं काँक्रीट हाय. कोकणात पावसात रस्त्याच्या कडेला जॅक लावाल, तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅक खाली जाईल.’ एवढ्या खरेदीत तो फुकटचा तुकडा सगळ्यात मोलाचा निघाला. तो आजही डिकीत आहे. चाक निघालं की ते गाडीच्या पोटाखाली आडवं सरकवून ठेवायचं, म्हणजे जॅक निसटलाच तरी गाडी चाकावर टेकेल. आणि काहीही झालं तरी हात, पाय, डोकं गाडीखाली घालायचं नाही. हे सांगताना काकांचा आवाज बदलला. वर्कशॉपमध्ये त्यांनी काय पाहिलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

नवीन चाक बसवताना नट आधी हाताने, मग गाडी खाली टेकवून पान्याने, तेही एकामागून एक नाही तर समोरासमोरचे कसायचे. थोडं अंतर गेल्यावर पुन्हा एकदा कसून बघायचे. या सगळ्याला मला लागला तो वेळ मी इथे सांगणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी मध्ये जाऊन पोहे करून परत आल्या, एवढं पुरे.

बाकीच्या वस्तूंची मग एकेक करून झडती झाली. केबलच्या बाबतीत काकांचं म्हणणं असं, की तार अंगठ्याएवढी जाड नसेल तर ती गरम होते, इंजिन मात्र फिरत नाही. माझी करंगळीएवढी होती. जोडायचा क्रम त्यांनी मला पाठ करायला लावला: लाल टोक आधी बंद गाडीच्या बॅटरीच्या धन टोकाला, लालचं दुसरं चालू गाडीच्या धनला, काळं चालू गाडीच्या ऋणला, आणि काळ्याचं उरलेलं टोक बंद बॅटरीला नाही तर त्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडू शकते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून ठिणगी तिच्यापासून लांब. काढताना सगळं उलट्या क्रमाने. हे मी एका कार्डावर लिहून केबलला दोऱ्याने बांधलंय, कारण मला मी चांगली ओळखते. माझी गाडी हातगियरची असल्याने धक्का स्टार्टचाही मार्ग आहे: चावी फिरवून, दुसऱ्या गियरमध्ये क्लच दाबून बसायचं, लोकांनी ढकललं की क्लच सोडायचा. ऑटोमॅटिक गाडीला ते चालत नाही.

अग्निशामक मी ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवला होता, हाताशी असावा म्हणून. काकांनी तो पायाने जरा ढकलला आणि तो घरंगळत ब्रेकखाली जाऊन बसला. बोलायची गरजच पडली नाही. तो आता शेजारच्या सीटखाली पट्ट्याने बांधलेला असतो, आणि पाण्याची बाटलीही ड्रायव्हरच्या पायाशी कधी ठेवत नाही. एक किलोचा तो नळा काही सेकंदांत रिकामा होतो. त्याने गाडी वाचेलच असं नाही, माणसांना बाहेर पडायला अवधी मिळतो. काट्याचं टोक हिरव्यात आहे ना, तेवढं अधूनमधून बघायचं.

काच फोडायचा हातोडा मी डिकीत ठेवला होता. बुडत्या गाडीत डिकी उघडायला कोण जाणार, हा प्रश्न मला नवऱ्याने विचारला. चिवडा सोडला तर त्याचा तेवढाच एक सहभाग. आता हातोडा गियरजवळच्या खणात असतो. पुढची काच दोन थरांमध्ये पापुद्रा असलेली असते, ती तडकते पण सुटत नाही. फोडायची ती बाजूच्या दाराची, आणि मधोमध नाही, कोपऱ्यात. आमच्या बाजूच्या लोकांना हे ऐकताना २ ऑगस्ट २०१६ ची रात्र आठवतेच. महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्यांसह वाहनं पुरात गेली. त्या पाण्यापुढे हातोडा काय करणार होता? पण २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा माझ्या भावाची गाडी दारातल्या दारात बुडाली. तो आत नव्हता हे नशीब. पाणी रस्त्यावर दिसत असेल तर गाडी त्यात घालायची नाही, यापुढे सगळे हातोडे दुय्यम आहेत.

प्रथमोपचाराची पेटी गाडीसोबतच आली होती. उघडली तर चिकटपट्टीचा डिंक उन्हाने वितळून पट्ट्या एकमेकींना चिकटलेल्या, मलमाची नळी फुगलेली, तारीख कधीच उलटून गेलेली. उन्हाळ्यात बंद गाडीत औषधं ठेवणं म्हणजे ती फेकून देणंच. आता पेटीत जाळीचं कापड, बँडेजची गुंडाळी, कात्री, हातमोजे आणि त्रिकोणी फडकं एवढंच. गोळ्या माझ्या पर्समध्ये. फवारणीचे डबे, सुगंधी असोत की डासांचे, गाडीत ठेवायचे नाहीत असं काकांनी बजावलं. सासूबाईंच्या कापरावर त्यांनी मत दिलं नाही. आलेपाक मात्र घाटाच्या वळणांवर कामाला येतो, यात दुमत नाही.

मग श्रावणात एकदा आम्ही चिपळूणहून परत येत होतो. पोफळी मागे पडून घाट लागला होता, धुकं असं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. एका वळणावर पांढरी मोठी गाडी अंगावरच आली. ती चालत नव्हती, उभी होती. मुंबईचा नंबर, नवीकोरी. आत एक तरुण जोडपं, आजोबा आणि झोपेतून उठलेला मुलगा. दरडीवरून आलेल्या धारदार दगडाने टायरची बाजू चिरली होती. मी गाडी पुढे सरळ पट्ट्यात नेऊन कडेला घेतली आणि उतरून काकांच्या थाटात विचारलं, ‘स्टेपनी?’ स्टेपनी नव्हतीच. २०२० साली मोटार वाहन नियमांत बदल झाला. टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं साहित्य असेल तर अशा गाडीला स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली. यांच्या डिकीत एक छोटा पंप आणि चिकट द्रावाची बाटली होती. खिळ्याच्या भोकाला ते चालतं, टायरची बाजूच फाटली तर नाही. माझी स्टेपनी देऊ केली असती, पण माझ्या चाकाला चार नट, त्यांच्या चाकाला पाच.

एवढं भरलेलं सामान, आणि त्या घटकेला गाडी दुरुस्त करायला त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. उपयोगी पडलं ते वेगळंच. नवऱ्याला मी चमकणारं जाकीट घालायला लावलं. ते विकत घेताना तो हसला होता. त्याने टॉर्च घेतला आणि लाल त्रिकोण उचलून वळणाच्या मागे, पन्नास-साठ पावलांवर नेऊन ठेवला. वळणाच्या अलीकडे ठेवलेला त्रिकोण वरून येणाऱ्याला दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. तेवढ्यात खालून आलेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हरने काही न विचारता चार फांद्या तोडून त्यांच्या गाडीच्या मागे पसरल्या, चाकांना दगड लावले आणि जाताना त्या तरुणाला म्हणाला, ‘दादा, निघाल तेव्हा दगड दरीत टाका. इथंच ठेवून जाऊ नका, रात्री मोटारसायकलवाला मरतो.’ मी आजवर घाटात रस्त्यावर पडलेले असे अनाथ दगड कितीदा पाहिलेत. ते कुणाच्या मुक्कामाचे असतात हे तेव्हा कळलं.

फोनला रेंज नव्हती. मुलाची आई, मुलगा आणि आजोबा आमच्या गाडीत बसले. तो तरुण गाडीपाशी राहिला, जाकीट, टॉर्च आणि नवऱ्याचा चिवड्याचा डबा घेऊन. कोयनानगरला पोचल्यावर चहाच्या हॉटेलातून फोन लागला. त्यांच्या विमा कंपनीची मदतगाडी कऱ्हाडहून निघाली आणि अंधार पडायच्या सुमाराला पोचली. आजोबा डिकीतलं ब्लँकेट पांघरून बसले होते. हो, भाचीच्या यादीतलं. श्रावणात भिजलेल्या म्हाताऱ्या माणसाला कुंभार्लीच्या माथ्यावर कॅनडाइतकी नाही, पण पुरेशी थंडी वाजते. चिवडा संपला होता. त्रिकोण आणि टॉर्च त्यांच्याकडेच राहिले. मी परत मागितले नाहीत, नवीन घेतले.

त्यानंतर मी डिकीची मांडणीच बदलली. त्रिकोण, जाकीट आणि टॉर्च आता डिकीत नसतात, मागच्या सीटच्या पायाशी असतात. बॅगांचा ढीग उपसून त्रिकोण शोधणाऱ्या माणसाला त्याचा काय उपयोग? प्लस पाना, जॅक, फळी आणि हातमोजे एका गोणपाटाच्या पिशवीत, स्टेपनीच्याच खळग्यात. जाड केबल, पंप, दोन लिटर पाणी, ब्लँकेट, मोठं प्लास्टिक. पाणी पिण्यासाठी, रेडिएटरसाठी नाही. इंजिन तापलं तर त्याचं झाकण गरम असताना कधीही उघडायचं नाही, आतलं उकळतं पाणी तोंडावर उसळतं. काही फ्यूजही ठेवलेत: दहाचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा. जळालेल्या फ्यूजच्या जागी त्याच रंगाचा बसवायचा, मोठा नाही. आणि दारावर आतून एक चिठ्ठी: ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. फावडं आणि मेणबत्ती मी दुकानात विचारलीच नव्हती. ओढायचा पट्टा अजून त्याच्या वेष्टनात आहे. कुठे अडकवायचा ते काकांनी दाखवलंय, पण दुसऱ्या गाडीमागे ओढत जायची वेळ आली तर मी सरळ क्रेन बोलावणार. शिकाऊ माणसाने ब्रेकचा अंदाज न येणाऱ्या गाडीत ते धाडस करू नये, हे माझं मत आहे, काकांचं नाही.

कायद्याबद्दल एक सांगते, कारण त्या दिवशी नवऱ्याच्या मनात ती शंका आली होती. अपघातात कुणाला मदत केली तर आपल्यावर काही येईल का? २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम आलं. सद्भावनेने जखमीला मदत करणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी वा फौजदारी कारवाई करता येत नाही. थांबायला हरकत नाही. फक्त थांबताना आपली गाडी वळणावर उभी करू नका.

आणि तुमच्याही गाडीची डिकी आज संध्याकाळी रिकामी करा. स्टेपनी आहे का, असली तर तिच्यात हवा किती आणि टायर कोणत्या सालचं, ते बघा. मग येत्या रविवारी दारातच एक चाक स्वतःच्या हाताने बदला, घरात गाडी चालवणारं दुसरं कुणी असेल तर तिच्याकडून किंवा त्याच्याकडूनही बदलून घ्या. शेजारी बघायला जमतील. जमू द्या, त्यातला एखादा दगड लावायला उपयोगी पडतो.